कोकमतेल आणि वाघोडियाचा उन्हाळा

काही विषय असे असतात की त्यांचे नाव चारचौघांत घ्यायची सोय नसते. गुदवर्ती हा त्यांपैकी एक. सपॉझिटरी हे इंग्रजी नाव घेतले तर ऐकणाऱ्याला क्षणभर अर्थबोध होत नाही आणि बोलणाऱ्याची सुटका होते. मराठी नाव घेतले की समोरचा हसतो, नाही तर खिडकीबाहेर पाहू लागतो. याच कॉलेजातून पी. यू. सी. करून मी बी. फार्म.साठी गुजरातेत वाघोडियाला गेले. तिथे ज्या एका गोष्टीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले, ती हीच बोटाच्या पेराएवढी वस्तू. तेव्हा संपादकांनी ‘काहीतरी लिही’ म्हटल्यावर प्रवासवर्णन किंवा हॉस्टेलच्या जेवणाचे विनोद लिहिण्याचा मोह आवरून मी हाच विषय घेतला आहे. वाचकांनी आधी हवे तेवढे हसून घ्यावे.

शब्द तर किती साधा आहे. संस्कृत वर्ती म्हणजे वात. निरांजनातली वात आणि ही वर्ती यांचे कूळ एकच. आपल्या जुन्या वैद्यकात फलवर्ती येते. मेणफळ, सैंधव, गूळ अशा द्रव्यांची अंगठ्याएवढी वात वळायची, तिला तूप किंवा तेल माखायचे आणि पोट फुगून अडलेल्या रोग्याला द्यायची. घरोघरीही ही विद्या होतीच. तान्ह्या बाळाला दोन दिवस शी झाली नाही की आजी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून वापरायची. (आज डॉक्टर असे काही करू नका म्हणतात, आणि ते बरोबर आहे.) पण त्या देठाने किंवा फलवर्तीने करायचे काम आणि आजच्या वर्तीचे काम यांत एक मोठा फरक आहे. त्या वाती फक्त जागच्या जागी काम करीत. आजची वर्ती पुष्कळदा औषध रक्तात पोहोचवण्यासाठी देतात.

कुणाला देतात? तापाने फणफणलेल्या आणि पाजलेला प्रत्येक चमचा ओकून टाकणाऱ्या पोराला पॅरासिटामॉलची. शस्त्रक्रियेनंतर तोंडाने काही घेता येत नाही त्याला डायक्लोफेनॅकची. गिळताना ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला. थोडक्यात, ज्याच्या तोंडाचा दरवाजा बंद आहे त्याला. आणि ज्याच्या घराजवळ इंजेक्शन देणारे कोणी नाही त्याच्यासाठी तर हा उरलेला एकच दरवाजा. गुदाशयाच्या खालच्या भागातील शिरा यकृताला वळसा घालून थेट मोठ्या रक्ताभिसरणात मिळतात, त्यामुळे औषधाचा काही भाग यकृताच्या तावडीतून वाचतो, हा आणखी एक लाभ. पण त्या जागी पाणी म्हणाल तर जेमतेम दोन-तीन मिलिलिटर. एवढ्याशा ओलाव्यात वर्ती आपोआप मोकळी व्हायला हवी, म्हणून तिचा देह कशाचा करायचा हा प्रश्न येतो. या देहाला आमच्या शास्त्रात आधारद्रव्य म्हणतात. युरोपात अठराव्या शतकापासून त्यासाठी वापरात आलेले द्रव्य म्हणजे कोकोचे लोणी. ज्याचे चॉकलेट होते तेच.

कोकोच्या लोण्याचा गुण असा की ते बोटांत कडक असते आणि ३४ अंशांच्या आसपास एकदम पाणी होते. माणसाच्या शरीराचे तापमान ३७. निसर्गाने जणू मोजून केले आहे. चॉकलेट जिभेवर विरघळते तेही याच कारणाने. पण मोजून केले आहे ते युरोपच्या खोलीसाठी! वाघोडिया बडोद्याच्या पूर्वेला, सयाजीरावांनी शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला आजव्याचा तलाव याच तालुक्यात. तलाव आहे म्हणून हवा थंड असेल अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मे महिन्यात या भागात पारा ४२ अंशांवर जातो. पंखा नुसता गरम हवा ढवळतो. अशा दिवशी कपाटातली वर्ती म्हणजे वेष्टनात भरलेले तेल.

त्यातून हे लोणी लहरी. त्याचे रेणू थंड होताना निरनिराळ्या घडणीत बसतात, आणि प्रत्येक घडणीचा द्रवणांक वेगळा. आमच्या पुस्तकांत चार घडणी दिल्या आहेत. त्यांतली पक्की ती ३४ अंशांची, बाकीच्या साधारण १८, २२ आणि २८ अंशांना वितळणाऱ्या. लोणी हळू, जलतापकावर, जेमतेम वितळेल एवढेच तापवले तर पक्क्या घडणीचे बीज त्यात शिल्लक राहते आणि थंड होताना सगळे रेणू त्याच्या रांगेत उभे राहतात. घाई करून सरळ ज्योतीवर तापवले की बीज नाहीसे होते. मग साच्यात ओतलेली वर्ती दिवस दिवस मऊच राहते. आमच्या वर्गात एका मुलाच्या वर्तीची अशीच गत झाली. प्रात्यक्षिकाचे सर तिच्याकडे पाहून म्हणाले, “ही अजून विचार करते आहे.” त्या दिवसापासून कोणाचे उत्तर लवकर आले नाही की आमच्याकडे हेच वाक्य म्हणतात.

कापूर, क्लोरल हायड्रेट, फिनॉल अशी औषधे घातली तर हे लोणी आणखीच खचते. मग त्याला टेकू म्हणून मधमाश्यांचे मेण घालायचे. जुन्या पुस्तकांत दुसरा एक टेकू सांगितला आहे, स्पर्मासेटी. हे स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यात सापडणारे मेण. एका माणसाच्या पोटदुखीसाठी मधमाश्या, देवमासा आणि दक्षिण अमेरिकेतले एक झाड असे सगळे गोळा करायचे हे वाचून मला गंमतही वाटली आणि थोडा रागही आला. कारण तोवर मला कोकमतेल आठवले होते.

आमच्या खानापूरकडच्या, चंदगड-आंबोलीकडच्या, गोव्याच्या आणि कारवार-कुमठ्याच्या वाचकांना कोकमतेल सांगायला नको. इतरांसाठी सांगते. कोकमाचे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उताराचे. रातांबा किंवा भिरंड हे त्याचे फळ, मुरुगल हे कन्नड नाव, आणि खाली तुळुनाडात पुनर्पुळी. साल वाळवून आमसूल होते, रसाचे सरबत होते, सोलकढीशिवाय तर कोकणात जेवण पुरे होत नाही. बिया राहतात. त्या वाळवून फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तवंग येतो. तो काढून थंड केला की पांढरट, किंचित करडी, ठिसूळ चरबी मिळते. ती हातानेच लांबट गोळ्यांत वळतात. बाजारात हे गोळे मांडलेले असतात आणि नवख्या माणसाला ते साबण वाटतात. नाव तेल, पण रूप दगडाचे! कानडीत याला तूप म्हणतात, मुरुगल तुप्प. माझ्या मते कानडी नाव अधिक खरे आहे. कन्नड विभागातील मित्रांनी हा विजय नोंदवून घ्यावा.

थंडीत फुटलेले ओठ आणि टाचांच्या भेगा यांवर हे तेल सगळे लावतात. आव पडली की आजी गरम दुधात किंवा मऊ भातावर ते वितळवून देई. पण ही केवळ आजीबाईंची गोष्ट नाही. फ्लुकिगर आणि हॅनबरी या दोघा पंडितांचा ‘फार्माकोग्राफिया’ हा ग्रंथ १८७४ मध्ये लंडनला निघाला. वनस्पतिज औषधींचा तो मोठा प्रमाणग्रंथ. त्यात कोकमाच्या लोण्यावर स्वतंत्र टिपण आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या परसातल्या या गोळ्याने औषधशास्त्राच्या दारापर्यंत मजल मारली होती. आत मात्र त्याला पाट मिळाला नाही. चॉकलेटवाल्यांनी त्याला बोलावले. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोकोखेरीज ज्या सहा वनस्पतिज चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालतील असे ठरवले, त्यांत कोकम आहे, आंब्याच्या कोयीची चरबी आहे आणि साल वृक्षाचीही आहे. सौंदर्यप्रसाधनांतही कोकमाचे नाव मोठ्या अक्षरांत छापतात. ओठांना चालते, जिभेला चालते, तर रोग्याला का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला.

दिवाळीच्या सुटीत मी बाजारातून कोकमतेलाचे चार गोळे घेतले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून वाघोडियाला नेले. गाडीत डब्यातल्या एका बाईंनी विचारले, “खडीसाखर आहे का ग?” वर्गात मैत्रिणींनी नाव ठेवले कोकमवाली. ते असो.

इथे थोडे रसायन सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोकोच्या लोण्यात मुख्यतः तीन स्निग्धाम्ले नांदतात, पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक. कोकमात पामिटिक नावापुरते. स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक आणि उरलेले बहुतेक ओलेइक. रेणूची बांधणीही ठरलेली, दोन टोकांना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक. ही एकसारखी घडण असल्यामुळे कोकमतेल कडक, आणि त्याचा द्रवणांक ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान. मराठी माणसाला सवयीने अभिमान वाटतो तसा मलाही वाटला, आपले कोकम कोकोपेक्षा खंबीर! मे महिन्यात टिकेल!

गोळा किसला, हळूहळू वितळवला, कापडातून गाळला आणि धातूच्या साच्यात ओतला. गोठताना तो आक्रसतो, त्यामुळे साचा उघडताच वर्ती अलगद सुटल्या. चकचकीत आणि टणक. शेजारी कोकोच्या वर्ती ठेवल्या. दोन्ही मुठीत धरल्या, कोकोची बोटांमधून ओघळू लागली, कोकमाची नुसती गुळगुळीत झाली. उन्हाळ्यात दोन्ही खोलीतल्या कपाटात ठेवल्या. खोलीत ३६ अंश. कोकोचे तेल झाले. कोकमावर नख रुतले, पण ती उभी राहिली. मी फार खूश.

मग परीक्षानळीत ३७ अंशांचे पाणी घेऊन त्यात दोन्ही सोडल्या. आपल्या भारतीय फार्माकोपियाचा दंडक असा की स्निग्ध आधाराची वर्ती या तापमानाला ३० मिनिटांच्या आत मोकळी झाली पाहिजे. कोकोची काही मिनिटांत वितळून वर तरंगू लागली. कोकमाची बसून. दहा मिनिटे, वीस मिनिटे, तीस मिनिटे झाली. कडा जराशा मऊ झाल्या एवढेच. म्हणजे जिला वाघोडियाच्या उन्हात टिकता आले तिला रोग्याच्या शरीरात वितळता येईना. औषध तिच्या पोटातच कोंडलेले राहणार आणि जशी गेली तशी बाहेर पडणार.

प्रश्न नीट मांडला तर शाळकरी मुलालाही उत्तर दिसेल. जी चरबी ३७ अंशांना वितळलीच पाहिजे ती ४२ अंशांच्या हवेत घट्ट राहू शकत नाही. चरबीला आपण कुठे आहोत हे कळत नाही, तिला फक्त अंश कळतात. खोबरेल घातले (ते स्वतः २४ अंशांना वितळते) की मिश्रणाचा द्रवणांक खाली येतो आणि परीक्षानळीत वर्ती पास होते. कपाटात मात्र त्याच दिवशी नापास. इथल्या पूर्व पट्ट्यात, पावागडापासून छोटा उदेपुराकडे मोहाची झाडे पुष्कळ. त्याच्या बियांची चरबी, गुजरातीत डोळियुं, मी बाजारातून आणून मिसळून पाहिली. ती मुळातच लोण्याहून मऊ. गत तीच. यातून मार्ग नाही असे वाटून मी काही दिवस तो नाद सोडला होता.

पण प्रश्न ४२ अंशांचाच आहे का? नीट पाहिले तर वर्षातले ते काही आठवडे. आपल्याकडे घराच्या आत ३२, ३३, ३४ अंश हे तापमान मात्र मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत कधीही असते. कोकोचे लोणी तीस अंशांपासूनच मऊ पडू लागते. म्हणजे त्याचे मरण मे महिन्याच्या ४२ मध्ये नाही, सप्टेंबरच्या साध्या दुपारीच आहे. तेव्हा जी चरबी ३४ ला ताठ उभी राहील आणि ३७ ला सपशेल पाणी होईल, ती आपल्या कामाची. हे तीन-चार अंश मिळवायचे. आणि इथे कोकम उपयोगी पडते, एकट्याने नव्हे, कोकोत थोडे मिसळून. दोघांचे रेणू एका घराण्याचे, म्हणून ते एका रांगेत बसू शकतात. खोबरेल मात्र परके, ते मिसळले की चरबी कुठेच ठामपणे वितळत नाही, नुसती लोळत राहते. युरोपीय औषधवाल्याने ज्या टेकूसाठी देवमाशाच्या डोक्यापर्यंत हात घातला तो टेकू आपल्या घाटात झाडाखाली पडलेला असतो. चॉकलेटवाल्यांना हे कधीच कळले होते. ते कोकम घालतात ते याचसाठी, उष्ण हवेत चॉकलेट ताठ राहावे म्हणून. कोकोसुद्धा आता परका राहिलेला नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागांतून तो पिकतो, आणि पुत्तूरला कॅम्प्को या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे. पुनर्पुळी आणि कोको तिथे शेजारी राहतात.

कारखान्यांनी या भानगडीतून आपापले मार्ग काढले आहेत हेही सांगितले पाहिजे. बहुतेक ठिकाणी आता ‘हार्ड फॅट’ वापरतात. खोबऱ्याच्या किंवा पामच्या गराच्या तेलातील आम्ले वेगळी काढून, हायड्रोजनने पक्की करून, पुन्हा ग्लिसरीनला जोडलेली ही चरबी. तिच्यातला एक प्रसिद्ध प्रकार ३३.५ ते ३५.५ अंश एवढ्या अरुंद पट्ट्यात वितळतो. ती लहरी नाही, दरवेळी सारखी वागते. दुसरा मार्ग पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा. हे द्रव्य वितळायच्या ऐवजी विरघळते, म्हणून त्याला उन्हाची भीती कमी. मात्र ते आतला ओलावा शोषून घेते आणि झोंबते. तिसरा मार्ग जिलेटिनचा. हिवतापाने बेशुद्ध होऊ घातलेल्या लहान मुलाला इस्पितळात नेईपर्यंत वाचवण्यासाठी आर्टेसुनेट हे औषध गुदमार्गे देतात. मुंबईच्या सिपला कंपनीच्या या औषधाला २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. तिला सपॉझिटरी म्हणत असले तरी ती खरे तर मऊ जिलेटिनची कॅप्सूल आहे. आफ्रिकेच्या खेड्यात फ्रिज कुठून येणार? चरबी आत, जिलेटिनची पिशवी बाहेर, आतले पातळ झाले तरी बिघडत नाही. मला ही युक्ती फार आवडली. औषधाचा विचार करताना रोग्याचे घर डोळ्यांपुढे ठेवले की असे काहीतरी सुचते.

पण जिलेटिन म्हटले की प्रश्न उभा राहतो, ते गुरांच्या किंवा डुकरांच्या हाडाकातड्याचे. मी राहते त्या घराच्या शेजारी एक जैन वृद्धा आहेत, सगळे त्यांना बा म्हणतात. त्यांना हाडाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी वर्ती दिली. बांनी मला बोलावून विचारले, “बेटा, यात चरबी कशाची आहे?” वेष्टन उलटसुलट करून पाहिले. औषधाचे नाव होते, प्रमाण होते, आधारद्रव्याचे नाव नव्हते. मी म्हटले, “बा, बहुतेक झाडाचीच असेल.” त्या म्हणाल्या, “बहुतेक नको. मी तोंडाने घेत नाही म्हणून काय झाले, अंगातच जाते ना?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनेही चोख होता. अंगात जाण्यासाठीच तर ती दिली होती. शेवटी डॉक्टरांनी दुसरे औषध दिले.

बांना जुनाट म्हणून हसणे सोपे आहे. पण आपल्या देशात चरबीचा प्रश्न कधीच केवळ द्रवणांकाचा नव्हता. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गुरांची आयात चरबी मिसळल्याचे प्रकरण निघाले तेव्हा देशभर काय गदारोळ झाला हे आमच्या घरी वडीलधारी मंडळी अजून सांगतात. आणि गंमत अशी की आपले जुने वैद्यक याबाबतीत मुळीच सोवळे नव्हते. चरकाने सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात चार स्नेह श्रेष्ठ सांगितले, तूप, तेल, वसा आणि मज्जा. वसा म्हणजे प्राण्यांची चरबी, मज्जा म्हणजे हाडांतली. चौघांत पहिला मान मात्र तुपाला. नुसता द्रवणांक पाहिला तर डुकराची चरबी शरीराच्या तापमानाच्या आगेमागे वितळते, म्हणजे कागदावर ती वर्तीला बरी म्हणायची. गुरांची चाळिसाच्या पुढे जाते. पण जी दिल्याने घरातली निम्मी माणसे औषध टाकून देतील ती चरबी कितीही बरी असली तरी उपयोगाची नाही. उरते तूप. तूप सर्वांना चालते, पण तूप रवाळ. काही भाग आधी पातळ, काही भाग कण धरून बसलेला. त्याची वर्ती साच्यातून सुटतच नाही. मी करून पाहिली, उरलेले तूप मैत्रिणींनी खिचडीवर घेतले.

वितळण्याचा प्रश्न रोग्यापर्यंत कसा पोहोचतो याचा एक अनुभव मात्र गंभीर आहे. माझ्या भाच्याला ताप होता, ओकाऱ्या होत होत्या. एका औषधाच्या दुकानातून पॅरासिटामॉलच्या वर्ती आणल्या. भर दुपार, दुकानातला फ्रिज बंद पडलेला. घरी येईपर्यंत आतले सगळे पातळ झाले होते. ताईने फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गोठवल्या. आकार जवळजवळ होता तसाच आला, कारण वेष्टनाची पन्हळच साच्याचे काम करते. ताईला वाटले झाले. पण पॅरासिटामॉल चरबीत विरघळलेले नसते, त्याचे बारीक कण तीत पसरलेले असतात. चरबी पातळ झाली की ते जड कण खाली बसतात. पुन्हा गोठवल्यावर बाहेरून सगळे ठीक दिसते, आत औषध एका टोकाला गोळा झालेले. लहान मुलासाठी वर्ती अर्धी कापून देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. मग एका अर्ध्यात फार, दुसऱ्यात काहीच नाही. मी तिथे होते म्हणून ती पाकिटे बाजूला ठेवली गेली आणि भाच्याला दवाखान्यात नेले. दुकानदाराने मुद्दाम काही केले नव्हते. त्याला कोणी हे समजावले नसावे. पण तीन-चार अंशांचा हिशेब असा एखाद्या पोराच्या तापापर्यंत येऊन भिडतो.

म्हणूनच कोकमतेलाच्या बाबतीत मी आता आरंभीइतकी भाबडी राहिलेली नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. जे झाडाचे ते चांगले, असे मानण्याकडे आपला कल असतो. पण झाडाने फार्माकोपिया वाचलेला नसतो. मी नेलेल्या चार गोळ्यांपैकी दोन एका बाईकडून घेतले होते आणि दोन दुसरीकडून. एकीचे पांढरे, वास जवळजवळ नसलेले. दुसरीचे करडे, त्यांना खवट वास. टाचेच्या भेगेला दोन्ही सारखेच. गुदाशयाची नाजूक त्वचा मात्र हा फरक ओळखते. खवट चरबीत मोकळी आम्ले असतात आणि ती आग करतात. काही औषधे तिच्या सहवासात बिघडतात. हार्ड फॅटवाला कारखानदार प्रत्येक पोत्यामागे आम्लांक लिहून देतो. आपल्या गोळ्यांमागे काय लिहिलेले असते? कोकमाचे कौतुक करणाऱ्यांनी आधी हे लिहून देण्याची सोय करायला हवी, असे मला स्पष्टपणे वाटते.

बडोद्याला हे नवे नाही. १८९० मध्ये सयाजीरावांच्या राज्यात कलाभवन निघाले, तेव्हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तिथे रसायनाचा धंद्याशी सांधा जोडण्याचा खटाटोप केला. त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह १९०७ मध्ये त्यांनी अ‍ॅलेम्बिक केमिकल वर्क्स उभी केली. परसातले द्रव्य घ्यायचे, पण ते मोजूनमापून, दरवेळी तसेच निघेल अशा रीतीने द्यायचे, हाच त्या माणसांचा ध्यास होता. एक मराठी आडनाव त्यांत आहे याचा मला आनंद वाटतो, पण त्याहून अधिक हेवा वाटतो तो त्यांच्या चिकाटीचा.

खवट वासाचे मूळ मी यंदाच्या सुटीत शोधले. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. घरातल्या बायकांचे लक्ष सालीवर, कारण आमसुलाला भाव आहे. बिया अंगणाच्या कडेला ढीग घालून ठेवतात, सवड मिळाली की वाळवायच्या. त्यांना अजून गर चिकटलेला असतो, तो आंबतो. तेवढ्यात जूनचा पाऊस येतो. ढीग भिजतो, बुरशी धरतो, मग कधीतरी चार उन्हे मिळाली की तो सुकवून तेल काढतात. त्यातूनच करडा गोळा निघतो. जिच्याकडचे गोळे पांढरे होते ती बाई बिया त्याच दिवशी राखेत चोळून धुते आणि पत्र्यावर पातळ पसरून पावसाच्या आत कडकडीत वाळवते. मी तिला विचारले, “मावशी, एवढा खटाटोप का?” ती म्हणाली, “नाही तर तेलाला घाण वास येतो, मग कोण घेणार?” तिच्याकडून मी यंदा दोन किलो घेतले आहे. आम्लांक काढायचा आहे. कॉलेज उघडले की पहिले काम तेच.